पेन्शनीत निघालेले रणगाडे

आम्हा हैदराबादकरांना 'टँक' हा शब्द प्रथम भेटतो तो पाण्याच्या रूपाने. हुसेनसागराच्या बांधाला आपण टँकबंड म्हणतो, आणि लहानपणी वडिलांचे बोट धरून संध्याकाळी तेथे फिरताना 'टँक म्हणजे तलाव' एवढे इंग्रजी मला पक्के येत होते. १९६५ च्या भाद्रपदात वर्तमानपत्रांतून रोज टँकांच्या लढाईच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तलावांची लढाई कशी होते हे मला दोन दिवस उमगले नव्हते. आणि विचारण्याची लाज वाटत होती.

पुढे कळले की, माझा घोटाळा अगदीच अडाणीपणाचा नव्हता. इंग्रजी कोशकार या शब्दाचे मूळ शोधीत गुजराती-मराठीतल्या आपल्या टाक्यापर्यंत येतात. गडावर पाणी साठवण्यासाठी खडकात खोदतात, तेच हे टाके. काहीजण त्यात पोर्तुगीजांचाही हात सांगतात. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हे नवे यंत्र गुप्तपणे बांधायला घेतले, तेव्हा शत्रूला सुगावा लागू नये म्हणून या पाण्याच्या टाक्या आहेत अशी आवई उठवून दिली. युद्ध संपले, पण टोपणनाव चिकटले ते चिकटलेच. आपल्या भाषेने मात्र शहाणपणा केला. तिने 'रणगाडा' असा भारदस्त शब्द घडवला आणि टाके पाण्यासाठी राखून ठेवले.

हे सारे पुन्हा आठवण्याचे कारण असे की, गेल्या हिवाळ्यात पुण्याला मुलीकडे गेलो असता नातवाने नगरचे रणगाडे पाहण्याचा हट्ट धरला. नगर म्हणजे अहमदनगर. २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. नातू आठ वर्षांचा. मला खरे म्हणजे किल्ला पाहायचा होता, आणि लोखंडी गाड्यांत पाहण्यासारखे काय असणार, असे मनात होते. पण नातवापुढे आजोबांचे किती चालते हे वाचकांना ठाऊकच आहे.

हे संग्रहालय शहराबाहेर लष्करी हद्दीत आहे. नगर हे आपल्या चिलखती दळाचे माहेरघर. त्या दळाच्या केंद्राने व शाळेने फेब्रुवारी १९९४ मध्ये हे संग्रहालय उभे केले. तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांनी त्याचे उद्घाटन केले. ते स्वतः याच दळातले. पन्नासच्या आसपास रणगाडे व चिलखती गाड्या येथे उघड्यावर, झाडांच्या सोबतीने ओळीने मांडून ठेवल्या आहेत. एखाद्या मोठ्या वाड्याच्या चौकात दुपारच्या वेळी पेन्शनीत निघालेली म्हातारी मंडळी आपापल्या खुर्च्या टाकून बसावीत, तसे ते दृश्य मला दिसले. कुणी इंग्लंडचा, कुणी अमेरिकेचा, कुणी रशियाचा, कुणी फ्रान्सचा, कुणी जपानचा. तरुणपणी एकमेकांच्या जिवावर उठलेले. आता एकाच उन्हात.

नातवाने मात्र आल्याबरोबर एक प्रश्न काढला आणि प्रत्येक गाडीपाशी तोच विचारला.

"आजोबा, हा आपला का त्यांचा?"

पहिली गाठ पडली ती रोल्स-रॉइसच्या चिलखती मोटारीशी. तिला पट्टे नाहीत, साधी चाके आहेत. वर पोलादी कवच आणि बंदुकीचा घुमट. चौमहल्ल्यात निजामाची पिवळीधमक रोल्स-रॉइस आपण सर्वांनी पाहिली आहे. १९१२ ची, आत सिंहासनासारखी बैठक असलेली. ती ज्या 'सिल्व्हर घोस्ट' जातीची, त्याच जातीच्या सांगाड्यावर ही नगरची मोटार बांधलेली आहे. एकीवर चांदी-रेशीम चढले, दुसरीवर पोलाद. दोघी सख्ख्या बहिणी, एक राजवाड्यात पडली आणि एक छावणीत, एवढाच फरक.

पुढे दुसऱ्या महायुद्धातली मंडळी. चर्चिल आणि मटिल्डा हे दोघे जाडजूड इंग्रज. मटिल्डाच्या तोंडावरचे पोलाद ७८ मिलिमीटर जाड, आणि चर्चिलच्या पुढच्या आवृत्त्यांचे तर १५२ मिलिमीटर. त्यांच्याच आवारात जपानचा हा-गो उभा आहे. तो साडेसात टनांचा, आणि त्याचे कवच अवघे १२ मिलिमीटर, करंगळीच्या रुंदीएवढे. याच जातीचे रणगाडे ब्रह्मदेशात लढले. जवळ जाऊन त्याचे झाकण पाहिले. त्यातून कोवळ्या बांध्याचा पोरगाच आत शिरू शकेल. त्या पत्र्यामागे बसून जी पोरे लढली, तीही कुणाची तरी नातवंडेच होती, हा विचार आल्यावाचून राहिला नाही.

नातवाला सर्वांत आवडला तो शर्मन क्रॅब. याच्या तोंडाशी एक आडवा रूळ आहे आणि त्याला चाळीसहून अधिक साखळ्या लोंबतात. रूळ गरगर फिरू लागला की साखळ्या जमीन बडवीत जातात, पुरलेले सुरुंग जागच्या जागी उडतात आणि मागच्या शिपायांना वाट मोकळी होते. "म्हणजे हा धोबी!" नातू म्हणाला. याहून चांगले वर्णन मला सुचले नसते.

शर्मनपाशी मी अंमळ जास्त रेंगाळलो. त्याचे कारण घरगुती आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरल्या. त्यांचे नेतृत्व मेजर जनरल जयंतोनाथ चौधरी यांच्याकडे होते आणि त्यांच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनमध्ये शर्मन रणगाडे होते. माझे मोठे मामा तेव्हा पंधरा वर्षांचे, उमरग्याला आजोळच्या घरी होते. रझाकारांच्या धाकाने घरातल्या बायका अगोदरच सोलापूरकडे धाडल्या होत्या. आजोबा आणि मामा मागे राहिले होते. नळदुर्ग मागे टाकून फौज त्या दिवशी दुपारी उमरग्यास पोहोचली. मामा सांगत, की आधी घरातली भांडी आपोआप वाजू लागली, मग जमीन थरथरली आणि मग रस्त्यावर ते धूड दिसले. लोक पाण्याच्या घागरी घेऊन धावले. मामांनी पुढे होऊन रणगाड्याला हात लावला, तो तापलेल्या तव्यासारखा होता. तळहाताला फोड आला. तो फोड त्यांनी पुढे कित्येक दिवस लोकांना मानचिन्हासारखा दाखवला! पाच दिवसांत सारे आटोपले. १७ तारखेला शस्त्रसंधी झाली, आणि १८ ला निजामाचे सेनापती अल् इद्रूस यांनी सिकंदराबादेजवळ चौधरींपुढे शस्त्रे ठेवली. वाचकांच्या घरोघरी या आठवणी आहेत. मी नवे काही सांगत नाही.

"मग हा आपला!" नातू म्हणाला.

"हो. पण पुढे १९६५ मध्ये पाकिस्तानपाशीही शर्मन होते."

यावर तो विचारात पडला. मीही.

शर्मनची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. आपल्या गावाला जिचा अभिमान वाटावा अशी एक पलटण आहे: डेक्कन हॉर्स. अठराव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या पदरी जो रिसाला होता, त्याच्यापासून ती आपली वंशावळ सांगते. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत, हाय वुड नावाच्या रानाशेजारी, या दक्खनी स्वारांनी भाले सरसावून घोडदौडीचा हल्ला केला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १५ सप्टेंबरला, त्याच आघाडीवर जगातला पहिला रणगाडा लढाईत उतरला, आणि त्या दिवशी हाय वुडच्या रानातही तो होता. दक्खनच्या घोड्यांच्या टापा आणि या लोखंडी पट्ट्यांच्या खुणा, दोहोंमध्ये एका पावसाळ्याचेच अंतर! घोडे गेले, पण नाव 'हॉर्स' राहिले. आजही या दळात शिपायाला सवार म्हणतात, आणि वर चढत गेले की दफादार, रिसालदार. आपल्या बखरींतले हे शब्द तेथे रोजच्या हजेरीपटावर जिवंत आहेत.

हीच डेक्कन हॉर्स १९६५ च्या सप्टेंबरात पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर येथे उभी होती. तिच्यापाशी जुने शर्मन, आणि समोर अमेरिकेने पाकिस्तानला दिलेले नवे पॅटन. शेतांत पाणी सोडून चिखल केलेला, उसाच्या आडोशाने आपले रणगाडे घोड्याच्या नालेसारखे मांडलेले. पॅटन त्या नालेत शिरले आणि रुतले. या पलटणीचे नेतृत्व करीत होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, आपल्या अलिबागचे. त्यांना महावीरचक्र मिळाले, १९७१ मध्ये पुन्हा मिळाले, आणि पुढे ते लष्करप्रमुख झाले. रणांगणात ज्यांच्या केसाला धक्का लागला नाही, ते निवृत्तीनंतर १९८६ मध्ये पुण्याच्या रस्त्यावर मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले.

नगरला ते पॅटनही आहेत. १९६५ नंतर पकडलेले पॅटन देशभर चौकाचौकांत मांडले गेले. येथे मात्र त्यांना चौकातल्या शिकारीची कळा नाही. आपल्या बाजूच्या गाड्यांइतकीच जागा, तेवढीच निगा. पलीकडे पाण्यात पोहणारा रशियन पीटी-७६ आहे, आणि चॅफी आहे. १९७१ च्या नोव्हेंबरात पूर्वेच्या आघाडीवर गरीबपूरला या दोन जाती एकमेकींशी भिडल्या होत्या. फ्रान्सचा एएमएक्स-१३ आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणात या जातीचे हलके रणगाडे विमानातून चुशूलला उतरवले होते. आवडीच्या कारखान्यातला विजयंता आहे. दुसऱ्यांच्या देशांतून आलेल्या या गोतावळ्यात तो घरचा म्हणावा असा. पण त्याचाही आराखडा विलायतेतल्या व्हिकर्सचा. 'आपला' हा शब्द लोखंडाला लावताना असे अडखळायला होते.

शेवटी सेंच्युरियनपाशी आलो. पन्नास टनांचा इंग्रजी रणगाडा. त्याच्या सावलीत एक उंच म्हातारे गृहस्थ, डोक्यावर पांढरी टोपी, हात मागे बांधून उभे होते.

"पाव्हणं, कुठल्या गावचं म्हनायचं?" त्यांनी विचारले.

"हैदराबाद," मी म्हणालो.

"मंग तारापूरसायबांच्या मुलखातलं की!"

हे सातारा जिल्ह्यातले निवृत्त दफादार. एकाहत्तरच्या लढाईत सेंच्युरियनमध्ये लोडर होते, म्हणजे तोफेत गोळा भरणारे. त्यांनी नातवाला जवळ घेऊन समजावले. "आत चौघं. एक चालवनार, एक तोफ मारनार, एक गोळा भरनार, आन् एक कमांडर. मे म्हैन्यात आत बसलास तर भाकर भाजंल. झाकन लावलं की भाईरचं जग चिमटीएवढं दिसतं. म्हनून कमांडर डोकं भाईर काडून हुबा ऱ्हातो, म्हंजे त्याला समदं दिसतं." थोडे थांबून ते म्हणाले, "आन् तो बी समद्यास्नी दिसतो."

लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्जोरजी तारापोर यांच्याविषयी मी लहानपणी ज्यांच्याकडून ऐकले, त्यांची गोष्ट मग मला सांगावीच लागली.

काचीगुड्यात आमच्या गल्लीत एक चाचा राहत. निजामाच्या लान्सर्समध्ये होते. १९४८ नंतर ती फौज मोडली आणि चाचा बस डेपोत फिटर झाले. आमचा त्यांचा घरोबा होता, पण मामा आमच्याकडे आले की चाचांशी नमस्कारापुरतेच बोलत. 'निजामाचा शिपाई' हे मामांच्या मनातून जात नव्हते. चाचाही कधी ओट्यावर चढले नाहीत. त्यांचे कारण मला पुष्कळ उशिरा कळले. पोलिस अ‍ॅक्शननंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात आणि बिदरकडे निरपराध मुसलमान कुटुंबांवर जे ओढवले, त्यात बिदरकडच्या एका खेड्यात चाचांच्या बहिणीच्या घरात कोणीही उरले नव्हते. ज्या धुरळ्यातून मामांना मोकळा श्वास मिळाला, त्याच धुरळ्यात चाचांची बहीण गेली. दोघेही त्याविषयी चकार शब्द काढीत नसत.

१९६५ च्या लढाईनंतर एके सकाळी मामा ओट्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होते. पूना हॉर्सचे कमांडर तारापोर, ११ सप्टेंबरला सियालकोट आघाडीवर फिलोऱ्याच्या लढाईत जखमी झाले, तरी मागे जाण्यास नकार दिला, वजीरवाली घेतली, जसोरान आणि बुतूर-डोगरांडीपर्यंत पलटण नेली, १६ तारखेला धारातीर्थी पडले, मरणोत्तर परमवीरचक्र. पलटणीने शत्रूचे साठेक रणगाडे निकामी केले आणि आपले नऊ गमावले, असे त्यांच्या सन्मानपत्रात नोंदलेले आहे. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना रणभूमीवरच अग्नी देण्यात आला.

चाचा डेपोला निघाले होते. ते गल्लीतच थबकले.

"कौन बोले? तारापोर साब? अदी साब?"

मामांनी पुन्हा वाचले. चाचा ओट्याच्या पायरीवर बसले. आमच्या घरी प्रथमच. मग म्हणाले, "हमारेच साब थे. हमारे रिसाले के."

आणि ते खरेच होते. १९२३ मध्ये मुंबईत जन्मलेले तारापोर १९४२ मध्ये हैदराबाद संस्थानाच्या सैन्यात दाखल झाले होते. त्यांच्या आजोबांपासून घराणे निजामाच्या चाकरीत होते. चाचांनी त्या दिवशी सांगितलेली गोष्ट नंतर मी छापीलही वाचली. तारापोर तेव्हा पायदळात होते. हातबॉम्बच्या सरावात एका रंगरूटाच्या हातून बॉम्ब फेकला जाण्याऐवजी तेथेच पडला. तारापोरांनी उडी टाकून तो उचलला आणि भिरकावला. तो हवेतच फुटला, आणि त्याच्या कपच्या त्यांच्या छातीत शिरल्या. सेनापती अल् इद्रूस तेथे हजर होते. ते खूष झाले, तेव्हा तारापोरांनी बक्षीस मागितले ते एकच: मला रिसाल्यात घ्या. अशा रीतीने ते हैदराबादच्या लान्सर्समध्ये आले. संस्थान विलीन झाल्यावर १९५१ च्या एप्रिलात त्यांना पूना हॉर्समध्ये घेण्यात आले. ही पूना हॉर्स म्हणजे १८१७ मध्ये दुसऱ्या बाजीरावाशी झालेल्या तहातून उभी राहिलेली पलटण. निजामाच्या लान्सर्समधून पेशव्यांच्या पुण्याच्या रिसाल्यात! आणि १९६५ मध्ये ते पडले तेव्हा देशाचे लष्करप्रमुख कोण? तेच जयंतोनाथ चौधरी, ज्यांच्यापुढे सतरा वर्षांपूर्वी हैदराबादच्या फौजेने शस्त्रे ठेवली होती.

चाचा बोलत होते आणि मामा ऐकत होते. मध्येच मामा उठून आत गेले. मला वाटले, रागावले. ते स्वतः चहाचे दोन कप घेऊन बाहेर आले. आमच्या घरात पुरुषांनी चहा आणण्याची पद्धत नव्हती, म्हणून ते मला इतके लख्ख आठवते. अठ्ठेचाळीस सालाविषयी ते दोघे त्यानंतरही बोलले नाहीत. पण पुढे मामा आले की चाचांच्या डेपोची पाळी कधी सुटते ते आधी विचारीत.

हे सारे मी सेंच्युरियनच्या सावलीत सांगितले. दफादारांनी काही न बोलता रणगाड्याच्या पोलादावर हात ठेवला. हिवाळ्याचे दिवस, लोखंड गार होते. मीही ठेवला. मामांचा फोड आठवला.

हैदराबादहून पुण्या-मुंबईकडे जाणारी आपली मंडळी सोलापूरच्या रस्त्याने उमरगा आणि नळदुर्ग ओलांडून जातात. त्यांनी एकदा वाट थोडी वाकडी करून नगरला उतरावे. पुण्याहून ते सव्वाशे किलोमीटरच्या आतच आहे. मुले नेली तर दुपारचे ऊन टाळावे आणि घाई करू नये. फराहबाग जवळच आहे, ती पाहावी. किल्ला आमचा राहिला, तो तुम्ही चुकवू नका. आणि मुलांनी प्रश्न विचारले तर उत्तर देण्यापूर्वी थोडे थांबावे; मला त्या दिवशी पुष्कळदा थांबावे लागले.

निघताना दफादारांनी नातवाला कडक सलाम केला. त्यानेही तो तितक्याच गंभीरपणे परत केला. गाडीत बसल्यावर बराच वेळ तो गप्प होता. मला वाटले, झोप लागली.

"आजोबा," तो एकदम म्हणाला, "ते चाचा आपले का त्यांचे?"

"आपल्या गल्लीतले," मी म्हणालो.

या उत्तराने त्याचे समाधान झालेले दिसले. तो खिडकीबाहेर पाहू लागला.